तुटणारा तारा आणि चुंबकाची सुई

धाराशिव जिल्ह्यात अधूनमधून एक ठरावीक बातमी छापून येते. अमुक तालुक्यात गूढ आवाज झाला, पत्रे थरथरले, भांडी वाजली, लोक घराबाहेर आले. 30 सप्टेंबर 1993ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्या लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात तर अशा आवाजानंतर घरात थांबायला कुणी तयार नसतं. मग चर्चा सुरू होते. भूकंप असेल, लढाऊ विमान असेल, खाणीतला सुरुंग असेल, उल्का फुटली असेल. उल्केचं नाव निघालं की त्यामागून हल्ली आणखी एक वाक्य येतं : उल्का वातावरणात शिरली की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं.

हे वाक्य खोटं नाही. मात्र ते किती खरं आहे हे ठरवायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं पुरलेली नाहीत, आणि खरेपणाचा आकडा काढला तर तो फार लहान निघतो. त्या शंभर वर्षांचा हा हिशोब.

आधी क्षेत्र म्हणजे काय ते पाहू. पृथ्वीच्या पोटात सुमारे 2,900 किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा गाभा सुरू होतो. त्यातल्या प्रवाहांतून जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते आपल्या भागात ढोबळमानाने 43,000 नॅनोटेस्ला भरतं. वातावरणात जळून जाणारा दगड या गाभ्याला काहीही करू शकत नाही. पण जमिनीवरच्या उपकरणाला जे क्षेत्र दिसतं त्यात वरून येणारा एक छोटा वाटाही असतो. 100 ते 130 किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या खालच्या थरात, सूर्यप्रकाशाने हवेचे अणू फुटलेले असतात, तिथून वीज वाहू शकते, आणि वरच्या वाऱ्यांमुळे ती प्रत्यक्षात वाहते. या प्रवाहांमुळे आपल्याकडे दिवसभरात क्षेत्र काही दहा नॅनोटेस्लांनी वर-खाली होतं. उल्का जळतात त्या बहुतेक 80 ते 120 किलोमीटरच्या दरम्यान, म्हणजे थेट या प्रवाहांच्या दारात. सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

हा रोजचा चढउतार आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे, त्याचं श्रेय महाराष्ट्रालाच बरंचसं जातं. मुंबईत कुलाब्याला 1841पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. 2 सप्टेंबर 1859च्या प्रचंड सौर वादळात कुलाब्याच्या नोंदीत सुमारे 1,600 नॅनोटेस्लांची घसरण दिसते, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारा जगातला प्रत्येक जण आजही त्या कागदाकडे वळतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने उपकरणं निकामी होणार हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. 1904मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या, आणि काही काळ दोन्ही ठिकाणच्या नोंदी जोडीने घेतल्या गेल्या, म्हणजे मालिका तुटू नये. तिथलं बांधकाम लोखंड टाळून केलेलं आहे. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. धाराशिवपासून ती सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. दुसऱ्या बाजूला हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची वेधशाळा त्याहून थोडी जवळ पडते. जिल्ह्यावर एखादा अग्निगोल फुटलाच, तर चुंबकीय साक्ष या दोघांकडेच मागावी लागेल.

उल्का वातावरणात येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर असतो. समोरची हवा दबते, तापते, दगडाचा पृष्ठभाग उडून जातो, आणि मागे आयन व मोकळे इलेक्ट्रॉन यांची एक रेघ राहते. या रेघेमुळे क्षेत्र हलण्याचे मार्ग तीन-चार सांगितले जातात. रेघेमुळे हवेची वीजवाहकता वाढते, म्हणून आसपासचा प्रवाह तिच्यातून वळसा घेऊ शकतो. रेघेतला तप्त प्लाझ्मा पसरताना चुंबकीय रेषांना बाजूला सारतो आणि विरला की त्या परत येतात. मोठा दगड असेल तर त्याची आघातलाट आयनांबरापर्यंत चढते आणि तिथल्या वीजवाहक हवेलाच चुंबकीय रेषांच्या आडवी ढकलते. आणि रेघेत धन-ऋण भार वेगळे झाले तर तिच्यातून स्वतःचा प्रवाहही वाहू शकतो.

यांपैकी एकही मार्ग भौतिकशास्त्राच्या विरोधात नाही. अडतं ते आकड्यांवर. हा हिशोब बारावीच्या पुस्तकावर होतो. 100 किलोमीटर उंचीवर एक अतिशय लांब सरळ तार आहे असं धरलं, तर तिने जमिनीवर फक्त 1 नॅनोटेस्ला फरक पाडायला तिच्यातून सुमारे 500 अँपिअर वाहायला हवेत. उल्केची रेघ अतिशय लांब नसते, असते साधारण 20 किलोमीटर. त्यामुळे गरज दहापट वाढते, 5,000 अँपिअरवर जाते. वाटाण्याएवढ्या खड्याच्या रेघेतून इतका प्रवाह, तोही सेकंदाच्या अंशभर? नेहमीच्या उल्कांपुरता हा प्रश्न मला तरी इथेच मिटलेला वाटतो.

त्यात वेळेची अडचण आहेच. रात्री, जेव्हा आपण उल्का पाहतो, तेव्हा सूर्य नसल्याने आयनांबराच्या त्या थरातले इलेक्ट्रॉन फार कमी झालेले असतात. उल्केच्या रेघेने वाहकता ठळकपणे वाढते खरी, पण वळवायला तिथे प्रवाहच उरलेला नसतो. दिवसा प्रवाह भरपूर असतो, पण तेव्हा वाहकता आधीच इतकी असते की रेघेने फारशी भर पडत नाही. म्हणजे लहान उल्का दोन्हीकडून हुकते.

तरीही शोध थांबला नाही. 1940च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत रशियात कलाश्निकोव्ह यांनी तारेची मोठी वेटोळी जमिनीवर पसरून उल्कांच्या क्षणी येणारे चुंबकीय ठोके पकडल्याचा दावा केला. अमेरिकेत जेराल्ड हॉकिन्स यांनी 1958मध्ये तसाच प्रयोग करून पाहिला, त्यांना काहीही सापडलं नाही. पुढच्या दशकांत कुणी ययाती उल्कावर्षावात क्षेत्राची बारीक स्पंदनं वाढल्याचं लिहिलं, कुणी तेच आकडे तपासून वाढ नसल्याचं लिहिलं. हा वाद हरला-जिंकला असा कधी संपलाच नाही, हळूहळू विरून गेला. जुन्या वेधशाळांचे कागद इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, याचं कारणही साधं आहे. फोटोच्या कागदावर तासाला दोनेक सेंटिमीटर या गतीने रेघ उमटायची. त्यावर एका मिनिटाला मिळणारी जागा मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एका सेकंदात संपणारी घटना त्यात शोधायची तरी कुठे?

शिवाय पार्श्वभूमीचा गोंगाट. तुळजापुरात कोजागिरीच्या यात्रेच्या गर्दीत एखाद्याने हळूच हाक मारावी आणि ती महाद्वाराबाहेर कुणी ऐकल्याचं सांगावं, तशातली ही गोष्ट. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे क्षेत्र सतत थरथरत असतं. मे 2024च्या सौर वादळात कमी अक्षांशांवरच्या वेधशाळांच्या सरासरीत सुमारे 400 नॅनोटेस्लांची घसरण झाली. त्यापुढे उल्केचा एखादा नॅनोटेस्ला म्हणजे काय! वेधशाळेच्या उपकरणापासून तीसेक मीटरवरून ट्रॅक्टर गेला तरी एक-दोन नॅनोटेस्लांचा फरक पडू शकतो. म्हणून उल्कावर्षावाच्या रात्री क्षेत्रात हेलकावा दिसला, एवढ्यावर कुणी भाळू नये.

या सगळ्यात एक घटना मात्र ठामपणे उभी आहे.

30 जून 1908च्या सकाळी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर पाच ते दहा किलोमीटर उंचीवर एक अवकाशीय गोळा फुटला. दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. स्फोटाच्या जागेपासून साडेनऊशे किलोमीटरहून दूर इर्कुत्स्कच्या वेधशाळेत भूकंपमापकाने आणि हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांनी तो टिपला. चुंबकीय कागद मात्र अर्धं शतक कुणी उघडून पाहिले नाहीत. 1960च्या सुमारास इव्हानोव्ह आणि टोम्स्कचे प्लेखानोव्ह यांनी ते तपासले, तेव्हा स्फोटानंतर काही मिनिटांतच सुरू झालेला आणि चार तासांहून अधिक चाललेला चुंबकीय विक्षोभ त्यात आढळला. फरक काही दहा नॅनोटेस्लांचा, आणि तोही स्थानिक; सूर्यामुळे येणारं वादळ जगभर एकदमच दिसतं, हे तसं नव्हतं.

ते कागद तेव्हाच का उघडले गेले, हा भाग मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. ऑगस्ट 1958मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर ‘टीक’ नावाची अणुचाचणी सुमारे 77 किलोमीटर उंचीवर केली. त्यानंतर दूरच्या वेधशाळांत चुंबकीय विक्षोभ दिसले आणि त्यांची ठेवण शास्त्रज्ञांनी समजून घेतली. इर्कुत्स्कचा आलेख तसाच होता. या साम्यावरून काहींनी तुंगुस्कात अणुबाँबच फुटला, परग्रहावरचं यान होतं, इथपर्यंत मजल मारली. खरं कारण बरंच साधं असावं. कशानेही झालेला असो, पुरेसा मोठा स्फोट तप्त वायूचा लोट वर फेकतो. दगडाने येताना पोकळ करून ठेवलेल्या वाटेने तो लोट उलटा चढतो, आयनांबरात पसरतो आणि तिथल्या प्रवाहांची घडी विस्कटतो. लोट पसरायला मिनिटं लागतात आणि घडी बसायला तास. इर्कुत्स्कच्या नोंदीतला उशीर आणि लांबण दोन्ही यात बसतात. त्या वर्षी अलिबागच्या नोंदी सुरू होऊन चार वर्षं झाली होती, आणि तुंगुस्कापासून ती पाच हजार किलोमीटरवर होती. स्थानिक विक्षोभाचा अर्थ लावताना असे दूरचे शांत कागदच कामी येतात.

दुसरी परीक्षा एकशे पाच वर्षांनी झाली. 15 फेब्रुवारी 2013ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे 20 मीटरचा दगड सेकंदाला 19 किलोमीटर वेगाने आला आणि 30 किलोमीटरच्या आसपास उंचीवर सर्वाधिक तेजाने फुटला. ऊर्जा 500 किलोटन टीएनटीच्या घरात. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. या वेळी जग तयार होतं : गाड्यांतले कॅमेरे, जगभरचे अवध्वनीमापक, उपग्रहांच्या संकेतांवरून आयनांबर मोजणारी जाळी, आणि दोन-अडीचशे किलोमीटरवर आर्ती इथली चुंबकीय वेधशाळा. आयनांबरात लाटा उठल्याचं चांगलं दिसलं. चुंबकीय बाजू मात्र अंधूकच राहिली. खारकीव्हचे लिओनिद चेर्नोगोर यांनी अनेक वेधशाळांचे आलेख तपासून नॅनोटेस्लाच्या पातळीवरचे बदल दाखवले. ते बदल दगडाचेच, की त्या सकाळच्या नेहमीच्या थरथरीचे, यावर सगळ्यांचं एकमत नाही. माझं झुकतं माप असं, की परिणाम झाला असणार, पण नुसता आलेख पाहून चेल्याबिन्स्कची सकाळ कुणालाही ओळखता आली नसती. तुंगुस्काची ऊर्जा याच्या दहापट किंवा त्याहून जास्त होती. चुंबकसुईला जाणवण्याचा उंबरठा या दोन घटनांच्या मध्ये कुठेतरी असावा.

एकेका उल्केचा हिशोब असा तुटपुंजा. सगळ्या उल्कांचा एकत्र विचार केला की चित्र बदलतं, आणि बातम्यांत नेमकं हेच येत नाही. रोज टनावारी अवकाशीय धूळ वातावरणात जळते. तिच्यातलं लोखंड आणि मॅग्नेशियम 90-100 किलोमीटर उंचीवर अणूंच्या रूपात मागे राहतं. हवेच्या रेणूंचे आयन पटकन इलेक्ट्रॉन गिळून शांत होतात. धातूंचे आयन एकेकटे अणू असल्याने त्यांना ते जमत नाही, ते तास-दिवस टिकतात. वरचे वारे उलटसुलट दिशांनी वाहू लागले की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने हे आयन दाबले जाऊन पातळ, दाट पदरात गोळा होतात. रेडिओवाले ज्याला ‘स्पोरॅडिक ई’ म्हणतात तो हाच पदर, आणि त्याच्यामुळे दूरची केंद्रं अचानक ऐकू येतात. उल्कांमुळे आयनांबर बदलतं ही कल्पना जपानच्या हांतारो नागाओकांनी 1929मध्ये मांडली. कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1933च्या सिंह उल्कावर्षावात आयनांबर मोजून पाहिलं आणि 1934मध्ये ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. ज्या थरातून रोजचे प्रवाह वाहतात त्या थराचा मालमसालाच थोडाफार उल्कांनी पुरवलेला आहे, असा याचा अर्थ. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचं रडार 1999पासून याच उंचीवरचे वारे मोजत आलं आहे.

याच्याही पलीकडचे दावे झाले. मोठ्या आघाताने चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होते, असं 1986मध्ये मुलर आणि मॉरिस यांनी सुचवलं. त्याला आपल्या पायाखालचाच दगड आडवा येतो. डायनोसॉर संपवणारा आघात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी झाला, तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र आजच्या उलट दिशेचं होतं. दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग त्याच उलट्या कालखंडात थिजला आणि ती दिशा त्याने धरून ठेवली. आघातापूर्वीही उलटं, आघातानंतरही उलटंच. ध्रुव पुढे पालटले ते लाखो वर्षांनी.

लोणारचं विवर या चर्चेत येणारच. बेसॉल्टमध्ये झालेलं, 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर धाराशिवच्या उत्तरेला, बुलढाणा जिल्ह्यात आहे. क्रॉफर्ड आणि शुल्ट्झ यांनी अतिवेगवान गोळ्यांच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की आघाताच्या प्लाझ्मातून क्षणभर चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं. लोणारएवढ्या आघातात ते किती प्रखर असेल? बेंजामिन वाइस यांच्या गटाने लोणारच्या वितळलेल्या काचेचे मिलिमीटरभर गोळे तपासले. अशा प्रखर क्षेत्राचा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही. प्रयोगशाळेतली गोष्ट खरी, पण ती खऱ्या विवराला किती लागू पडते याचं उत्तर अजून प्रयोगशाळेबाहेर आलेलं नाही.

आता परत आवाजाकडे. उल्केचे आवाज दोन प्रकारचे सांगितले जातात आणि त्यांची गल्लत होते. एक धडाका. 30 किलोमीटर उंचीवरून तो जमिनीवर पोचायला दीड मिनिट तरी लागतं, तिरपा असेल तर जास्त. 22 मे 2012ला नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी दगड पडले तेव्हा असेच धडाके ऐकू आले होते. दुसरा प्रकार म्हणजे उजेड दिसतानाच येणारी सळसळ किंवा फसफस. ती आवाजाच्या वेगाने येऊच शकत नाही, म्हणून शतकानुशतकं ती भास मानली गेली. 1980मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन के यांनी सुचवलं, की अग्निगोलामागच्या खवळलेल्या प्लाझ्मात पृथ्वीच्या चुंबकीय रेषा अडकतात, पिळल्या जातात आणि सुटताना फार कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी सोडतात. त्यांनी श्रोत्याजवळचं गवत, केस, चष्म्याची काडी थरथरते. ही कल्पना इतकी देखणी होती की अनेक वर्षं तीच उत्तर मानली गेली. 2017मध्ये दुसरं उत्तर आलं : अग्निगोलाचा उजेड झपाझप कमी-जास्त होतो, त्याने केस, पानं, गडद कापड तापतं-निवतं आणि आवाज तिथेच तयार होतो. यात चुंबकत्व लागतच नाही. मला हे दुसरं उत्तर जास्त पटतं, कारण त्याला केवळ उजेड पुरतो आणि उजेड तर सगळ्यांनी पाहिलेला असतो.

धाराशिवच्या गूढ आवाजांसोबत मात्र बहुधा उजेडाची नोंदच नसते. आकाशात काही दिसलं नाही, मागे धुराची रेघ नाही, आणि नुसताच दणका. अशा वेळी उल्केचं नाव शेवटी घ्यावं, विमानाचं आधी. उलट 2 एप्रिल 2022च्या संध्याकाळी राज्यातल्या असंख्य लोकांनी आकाशात आगीची माळ पाहिली, ती उल्का नव्हतीच. तो चिनी रॉकेटचा टप्पा होता आणि त्याचं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात पडलं.

दगड सापडला तर? काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या वाशीत शेतात आकाशातून दगड पडल्याची बातमी होती. अशा वेळी पहिला हात जातो लोहचुंबकाकडे, आणि तिथेच दोन चुका होतात. मराठवाड्याच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे बांधावरचा कुठलाही दगड ताकदवान चुंबकाला थोडाफार ओढतो. परीक्षा निरर्थक ठरते. आणि दगड खरंच अशनी असेल तर चुंबकाच्या स्पर्शाने त्याची जुनी चुंबकीय स्मृती पुसली जाते. पडताना त्याची बाहेरची मिलिमीटरभर कातडी तेवढी वितळते, आतला भाग थंड राहतो आणि त्यात साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीच्या क्षेत्राची खूण असू शकते. मंगळावरून आलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ नावाच्या मौल्यवान अशनीचं असंच झालं, संग्राहकांच्या हातचुंबकांनी तिची नोंद बिघडवली. जाडी, वजन, काळी साय, पडल्याची जागा आणि वेळ लिहून घ्यावी, आणि दगड कोरड्या कापडात गुंडाळून तहसीलदारांमार्फत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यावा.

मूळ प्रश्न पुढे सरकायचा तर काय हवं, हेही आता स्पष्ट आहे. वेधशाळांत आता सेकंदागणिक नोंदी होऊ शकतात, फोटोच्या कागदाची अडचण राहिलेली नाही. हवा आहे तो दिवसा फुटणारा, निदान काही मीटरचा दगड, सौर हालचाल शांत असलेला दिवस, आणि स्फोटाखालच्या शंभर किलोमीटरच्या आत, ट्रॅक्टर आणि विजेच्या मोटारींपासून दूर ठेवलेली दोन-तीन मापकं. सोबत त्याच जागेच्या, त्याच वेळेच्या, काहीही न घडलेल्या पुष्कळ दिवसांच्या नोंदी. आजवरचे बहुतेक दावे याच शेवटच्या अटीवर अडकले आहेत.